ब्लॉक्सची स्टॉप मोशन फिल्म बनवायचीय? कॅमेरा असा निवडा

स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडी हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भरभर दाखवले की वस्तू आपली आपण चालल्यासारखी दिसते. लेगोचे किंवा बाजारात मिळणारे तसलेच ब्लॉक यासाठी एकदम बेस्ट. एकात एक घट्ट बसतात आणि ठेवलेल्या जागेवरून घसरत नाहीत. सेकंदाला १२ फोटो धरले तर एका मिनिटाच्या फिल्मला ७२० फोटो लागतात. या ७२० फोटोंमध्ये तुम्ही हलवलेली बाहुली सोडून बाकी काहीच बदलता कामा नये. कॅमेरा निवडताना बघायचं ते हेच. मेगापिक्सेल नंतर.

आपल्या भागाला हा प्रकार नवा नाही. जव्हारहून मोखाड्यामार्गे नाशिकला जाणारी एसटी त्र्यंबकेश्वरवरून जाते. तिथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम घेत चित्रित केलं होतं. पुढे 'आगकाड्यांची मौज' या छोट्या फिल्ममध्ये त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. त्यांचा कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यात 'ऑटो' काहीच नव्हतं. आज आपल्याला छळतं ते नेमकं हेच ऑटो.

फोन प्रत्येक फोटोआधी स्वतःच ठरवतो की उजेड किती घ्यायचा, फोकस कुठे करायचा, पांढरा रंग किती पिवळट दाखवायचा. एका फोटोसाठी हे छान आहे. पण ७२० फोटोंत प्रत्येक वेळी थोडा वेगळा निर्णय झाला, की फिल्म लुकलुकते. लाल ब्लॉक मधेच केशरी दिसतो. बाहुली जवळ आली की मागची भिंत काळवंडते.

म्हणून तुमच्या फोनच्या कॅमेरात प्रो किंवा मॅन्युअल मोड आहे का ते आधी बघा. त्यात आयएसओ, शटर स्पीड, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे चारही हाताने ठरवता आले पाहिजेत. एचडीआर, एआय सीन, ब्युटी, सगळं बंद. वस्तू जवळ आली की काही फोन आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, तेही बंद करा. प्रो मोड नसेल तर अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे मोफत अ‍ॅप टाकून बघा. फोनने परवानगी दिलेली असेल तर त्यात हे सगळं मिळतं. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' या अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे बाहुली किती सरकवायची ते कळतं.

आता मेगापिक्सेल. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम जेमतेम २ मेगापिक्सेलची असते, फोर-के ची साधारण ८. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही पुरून उरतो. खोक्यावरचा ५० आणि १०८ चा आकडा या कामासाठी विसरा. 'मॅक्रो' नावाची २ मेगापिक्सेलची जी लेन्स स्वस्त फोनमध्ये असते, तिचाही मोह नको. फोटो मळकट येतात आणि बहुतेकदा फोकस बदलता येत नाही. लेगोची बाहुली फक्त ४ सेंटीमीटरची असते, तरी मुख्य कॅमेरा थोडा मागे ठेवून झूम न करता काढलेला आणि नंतर कापलेला फोटो जास्त चांगला दिसतो.

माझा मामेभाऊ मोखाड्याजवळच्या पाड्यावर राहतो, यंदा बारावीला आहे. बोहाड्याची सोंगं त्याला ब्लॉक्समध्ये नाचवायचीत. त्याने साठवलेले पैसे घेऊन मला फोन केला, "दादा, सेकंडहँड डीएसएलआर मिळतोय, घेऊ का?" मी म्हटलं, आधी एक टेस्ट कर. फोन पक्का बांध, सगळं लॉक कर, काहीही न हलवता २० फोटो काढ आणि गॅलरीत भराभर सरकव. उजेड, रंग किंवा चौकट जराही हलली तर तो कॅमेरा नापास. त्याचा फोन स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपवर नापास झाला, ओपन कॅमेरावर पास. पैसे दिवा, स्टँड आणि जास्तीच्या ब्लॉक्समध्ये गेले.

नवीन फोन घेतानाही हीच टेस्ट दुकानात करा. मिनिटभराचं काम आहे, दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू दे.

डीएसएलआर वाईट नाही. टिम बर्टनची 'कॉर्प्स ब्राइड' (२००५) डिजिटल स्टिल कॅमेऱ्यांवरच शूट झाली. पण सेकंडहँड घेताना शटर काउंट विचाराच. सुरुवातीच्या मॉडेल्सचं शटर साधारण १ लाख फोटोंच्या आसपासचं मानतात, आणि पाच मिनिटांच्या फिल्मला ३६०० फोटो असेच जातात. शिवाय या लेन्सचं छिद्र प्रत्येक फोटोला एक केसभर वेगळं बंद होतं, त्यानेही फिल्म लुकलुकते. मोठ्या सेन्सरमुळे मागचं पुढचं धूसर होतं आणि तुमचा राजवाडा खेळणं वाटायला लागतो. फोनच्या छोट्या सेन्सरमध्ये बाहुली आणि राजवाडा दोन्ही स्पष्ट राहतात. जुना डिजिकॅम कपाटात असेल तर एवढंच बघा की वापर थांबला की लेन्स आत जाते का. जात असेल तर चहा पिऊन येईपर्यंत चौकट बदललेली असेल.

लॅपटॉप असेल तर वेबकॅमही चांगला पर्याय. विशेषतः जुना, ज्याची लेन्स हाताने फिरवून फोकस करता येते तो.

उजेडाचं मात्र कॅमेऱ्याइतकंच महत्त्व आहे, आणि जव्हार-मोखाड्यात जास्तच. पावसाळ्यात ढग येतात-जातात, तेव्हा खिडकीच्या उजेडावर भरवसा नको. खिडकी बंद करून रात्री शूट करा. व्होल्टेज वरखाली झालं की जुना पिवळा बल्ब लगेच मंद होतो. पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एलईडी दिवा घेतला तर लाइट गेली तरी काम थांबत नाही. घरच्या ट्यूबवर काम करायचं असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/२५ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि वेगवान शटरमध्ये तो पकडला जातो. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड सेटवर पडतो.

फोनला हात लावून फोटो काढू नका. वायरवाल्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये शटरचं काम करतं. सेट डुगडुगत्या टेबलाऐवजी पाटावर चिकटवा आणि पाट जमिनीवर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ४०० व्या फोटोला कोणीतरी कॉल करणारच.

जागा आधीच मोकळी करा. एक फोटो ३ एमबीचा धरला तरी मिनिटभराच्या फिल्मचे २ जीबी होतात. रेंज धड नसलेल्या ठिकाणी क्लाउडवर चढवत बसण्यापेक्षा ओटीजी पेन ड्राइव्ह घ्या आणि रोज रात्री फोटो त्यात कॉपी करा.