सिडनीची विमानतळ रेल्वे आणि दुमजली विद्युत गाड्या : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

नागरी वाहतुकीच्या इतिहासात यंत्राची निवड ही केवळ अभियंत्यांची बाब नसते. कोणत्या प्रवाशासाठी गाडी बांधली गेली, तिचा खर्च कोणी सोसला आणि लाभ कोणाला मिळाला, हे प्रश्न त्या निवडीशी निगडित असतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराची विमानतळ रेल्वे या दृष्टीने अभ्यसनीय आहे. उपनगरातील नोकरदारांसाठी विकसित झालेली दुमजली विद्युत गाडी तेथे 2000 साली विमान प्रवाशांच्या सेवेत आली. या घटनेची पार्श्वभूमी आणि तिचे परिणाम यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विद्युत गाडी धावली. त्यानंतर सुमारे वर्षभराने, 1 मार्च 1926 रोजी, सिडनीत विद्युत गाड्यांचा प्रारंभ झाला. दोन्ही शहरांनी 1500 व्होल्ट डी.सी. ही एकच विद्युतप्रणाली स्वीकारली होती. मुंबईने 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने तिचा त्याग केला. सिडनीच्या उपनगरी मार्गांवर मात्र ती टिकून राहिली.

सिडनीच्या विद्युतीकरणाचे व भुयारी मार्गांचे शिल्पकार अभियंते जे. जे. सी. ब्रॅडफिल्ड हे होत. शहराच्या मध्यभागातील वर्तुळाकार मार्ग 1956 साली पूर्ण झाला. दरम्यान उपनगरे दूरवर पसरली होती आणि गर्दीच्या वेळच्या गाड्या अपुऱ्या पडू लागल्या होत्या. अधिक लांबीच्या गाड्यांसाठी फलाट वाढवणे, विशेषतः भुयारी स्थानकांत, अत्यंत खर्चिक होते. लांबी वाढवता येत नसेल तर उंचीचा उपयोग करावा, या विचारातून दुमजली डबा पुढे आला.

दुमजली डब्याची रचना :

1964 साली टुलक कंपनीने बांधलेले दुमजली डबे सेवेत दाखल झाले. डब्याच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या गाड्यांच्या वर, फलाटाच्या पातळीवर प्रवेशकक्ष. मधल्या भागात काही पायऱ्या खाली तळमजला आणि काही पायऱ्या वर वरचा मजला, अशी ही रचना होती. या डब्यांना स्वतःच्या मोटारी नव्हत्या. एकमजली मोटर डब्यांच्या मधोमध ते जोडले जात. तळमजला खाली उतरवल्यामुळे डब्याखाली विद्युत उपकरणांना जागाच उरत नव्हती, हे त्याचे कारण. 1968 साली प्रायोगिक दुमजली मोटर डबे तयार झाले आणि 1972 पासून संपूर्ण दुमजली गाड्या येऊ लागल्या. 1992 च्या प्रारंभी जुन्या एकमजली गाड्या उपनगरी सेवेतून निवृत्त झाल्या.

महाराष्ट्राच्या परिचयाच्या ‘फ्लाइंग राणी’ला 1979 साली दुमजली डबे लागले, परंतु ती इंजिनाने ओढली जाणारी गाडी होती. सिडनीची गाडी स्वयंचलित विद्युत गाडी होती, हा भेद लक्षणीय आहे.

विमानतळ मार्ग आणि खासगी भांडवल :

सप्टेंबर 2000 मधील ऑलिंपिक स्पर्धांच्या पूर्वी, 21 मे 2000 रोजी, सुमारे 10 किलोमीटर लांबीचा विमानतळ मार्ग खुला झाला. ग्रीन स्क्वेअर, मॅस्कॉट, देशांतर्गत विमानतळ व आंतरराष्ट्रीय विमानतळ ही चार भुयारी स्थानके खासगी कंपनीकडे सोपवण्यात आली. लोहमार्ग व गाड्या शासनाकडे राहिल्या. कंपनीचा खर्च वसूल व्हावा म्हणून नेहमीच्या भाड्याखेरीज स्थानक प्रवेश शुल्क आकारण्यात आले.

येथेच दोन विसंगती उद्भवल्या. पहिली गाडीविषयी होती. या मार्गासाठी स्वतंत्र विमानतळ गाडी नव्हती. नैर्ऋत्येकडील उपनगरांतून येणाऱ्या दुमजली गाड्याच विमानतळावर थांबत. त्यांत सामानासाठी वेगळी जागा नव्हती. जड पेट्या घेऊन पायऱ्या चढणे-उतरणे गैरसोयीचे असल्याने प्रवासी प्रवेशकक्षातच थांबत आणि इतरांची चढउतार मंदावत असे. आसनांची विपुलता हा या गाडीचा गुण. पण सामानासह आलेल्या प्रवाशाला आसनापेक्षा मोकळ्या जागेची निकड अधिक होती.

दुसरी विसंगती शुल्काविषयी होती. प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी राहिली आणि उद्घाटनानंतर अवघ्या सहा महिन्यांत, नोव्हेंबर 2000 मध्ये, कंपनीचा कारभार धनकोंच्या वतीने नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेला. शुल्काचा भार केवळ विमान प्रवाशांवर पडला नाही. ग्रीन स्क्वेअर व मॅस्कॉट येथील रहिवासी आणि विमानतळावर काम करणारे कर्मचारी यांनाही तो सोसावा लागला. मार्च 2011 मध्ये शासनाने कंपनीशी करार करून पहिल्या दोन स्थानकांवरील शुल्क रद्द करवले व त्याची भरपाई स्वतः पत्करली. विमानतळाच्या दोन स्थानकांवरील शुल्क मात्र कायम राहिले. ज्याला विमानाने जायचे नाही, केवळ तेथे राबायचे आहे, त्याच्याकडूनही ते घेणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला.

दुमजली परंपरेला कलाटणी :

2011 पासून आलेल्या आठ डब्यांच्या ‘वाराताह’ गाड्यांत सुमारे 900 आसने आहेत. तरीही 2012 साली राज्य शासनाने नव्या जलद मार्गांसाठी एकमजली गाड्यांचे धोरण जाहीर केले. दुमजली डब्याला प्रत्येक बाजूस दोनच दारे असतात. त्यामुळे स्थानकावरील थांबा लांबतो आणि ताशी गाड्यांची संख्या मर्यादित राहते, असा यामागील युक्तिवाद होता. 26 मे 2019 रोजी सुरू झालेल्या चालकरहित मेट्रोच्या डब्यांना प्रत्येक बाजूस तीन दारे आहेत. त्या मार्गाच्या नव्या बोगद्यांचा आकार दुमजली गाड्या मावणार नाहीत इतका मर्यादित ठेवला गेला, यावरून मोठा वादही झाला. पश्चिम सिडनीतील नव्या विमानतळासाठीही एकमजली मेट्रोचीच निवड झाली.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, दुमजली गाडी हे मर्यादित लांबीच्या फलाटांना दिलेले समर्थ उत्तर होते. विमानतळाच्या प्रवाशाने विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. तथापि विमानतळ मार्गाच्या प्रारंभीच्या अपयशाचे खापर केवळ गाडीच्या रचनेवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. फुगवलेले अंदाज आणि त्यांवर आधारलेला शुल्काचा करार हेही तितकेच निर्णायक ठरले. डबे बदलता येतात, वेळापत्रक सुधारता येते. परंतु बोगद्याचा व्यास आणि दीर्घ मुदतीचा करार पुढील पिढीलाही बांधून ठेवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या विमानतळावर भुयारी मेट्रो पोहोचली. या पार्श्वभूमीवर विमानतळाच्या रेल्वेने विमान प्रवाशाइतकाच तेथील कामगाराचा विचार करावा, हा सिडनीच्या अनुभवाचा बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.