आळे, कुंडी आणि अबकारी

'केदार' हा शब्द कानी पडला, की मराठी माणसाचे मन हिमालयाकडे धावते. शंकराचे ते नाव होय. परंतु संस्कृत कोशांत ह्याच शब्दाचा दुसरा, अधिक घरगुती अर्थही दिलेला आहे. केदार म्हणजे बांध घालून पाणी अडविलेले शेत, बागेतला वाफा, आणि झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेले आळे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी, केदारखेडा नावाचे गाव आहे. ह्या गावाच्या नावात देवही आहे आणि वाफाही आहे. मराठवाड्याच्या ह्या कोरडवाहू मुलखात पावसाळा सरल्यावर जे हिरवे राहते, ते बहुधा कोणाच्या तरी हातच्या पाण्यावरच राहते. पाणी घालणाऱ्या ह्या हाताचा आणि एका वादग्रस्त रोपाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. ते रोप भांगेचे.

घरच्या कुंडीत एखादे रोप लावावे आणि सकाळी उठून त्याला झारीभर पाणी घालावे, ह्याहून निरुपद्रवी कृत्य ते कोणते? तथापि रोप भांगेचे असले, की त्याच कुंडीभोवती अबकारीचा शिपाई, पंचनामा आणि न्यायालय उभे राहते. हे असे का झाले, ह्याचे उत्तर नशेच्या चर्चेत जितके सापडते, तितकेच ते पाण्याच्या हिशेबातही सापडते.

रोपाला पाणी केव्हा आणि किती द्यावे, ह्याचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली असेल तरच पाणी द्यावे, असा नियम त्याने त्यात सांगितला आहे. ह्यातील अखेरच्या नियमात माळीकामाचे सारे मर्म आले. पाणी घालावयाचे ते वेळ पाहून नव्हे, माती पाहून.

पाण्याचा विचार आला, की पाठोपाठ भांड्याचाही येतो. केदारखेड्याच्या शेजारचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत ह्या नगरीचे नाव कोरलेले आहे. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. हस्तिदंताच्या एका सुंदर स्त्रीमूर्तीमुळे ते उत्खनन गाजले. पण मूर्तीच्या भोवताली निघाली ती नित्याच्या वापरातील मातीची भांडी आणि त्यांची खापरे. म्हणजे ह्या भागातील कुंभाराचे चाक निदान दोन हजार वर्षे फिरत आले आहे. भाजलेल्या मातीच्या कुंडीचा गुण असा, की तिच्या भिंतीतून ओल हळूहळू बाहेर झिरपते, मातीत वारा खेळतो आणि मुळे कुजत नाहीत. तळाला भोक असावे, त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे पाणी निथळते पण माती वाहून जात नाही. तुळस, मिरची किंवा वांगे लावणाऱ्या गृहिणीला हे कोणी शाळेत शिकविलेले नसते. कोवळे रोप प्रथम लहान कुंडीत वाढवून मग मोठ्या कुंडीत हलवावे, हेही तिला ठाऊक असते. कारण मोठ्या कुंडीत मुळे जेथवर पोहोचलेली नाहीत तेथवरची माती ओलीच राहते, आंबते, आणि रोप बुंध्याशी कुजून एका रात्रीत आडवे पडते. नवशिक्या माळ्याची रोपे तहानेने जितकी मरतात, त्याहून अधिक अतिपाण्याने मरतात.

आता भांगेकडे वळू. ह्या वनस्पतीचा उल्लेख अथर्ववेदात आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश ह्या वैद्यकग्रंथात तिला भंगा, गंजा, मातुलानी, विजया अशी नावे आढळतात. त्याच शतकात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने भारतीय औषधींवर जो संवादरूप ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यातील एक प्रकरण भांगेवर आहे. पोर्तुगालात दोरखंडासाठी पेरतात ते झाड आणि हिंदुस्थानातील हे झाड एक नव्हे, असे त्याचे मत होते. लिनिअसने १७५३ साली युरोपातील झाडास कॅनाबिस सटायव्हा हे शास्त्रीय नाव दिले, आणि १७८५ साली लामार्कने भारतीय झाडास कॅनाबिस इंडिका असे वेगळे नाव दिले.

ह्या झाडात नर आणि मादी वेगवेगळी असतात. मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि निव्वळ राळ म्हणजे चरस. बियांपासून उगवलेले रोप नर की मादी, हे फूल येईपर्यंत डोळ्यांना दिसत नाही. परागकण पोहोचले, की मादी झाडाला बी धरते आणि गांजाचा कस उतरतो. म्हणून गांजा पिकविणे हे नुसते बी टाकण्याचे काम नसून सतत राखण करण्याचे काम होते. बंगालमधील नौगाव हे ह्या पिकाचे मोठे केंद्र. तेथील लागवडीचे वर्णन हेमचंद्र केर ह्यांच्या १८७७ सालच्या अहवालात आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन ह्यांच्या १८९३ सालच्या अहवालात आढळते. उंच, निचऱ्याच्या जागी रोपे तयार करीत, मग ती शेतात सरीवरंब्यावर लावीत, आणि फुले येण्याच्या सुमारास 'पोद्दार' नावाचा पारखी शेतातून फिरून नर झाडे ओळखून देई. ती झाडे उपटून टाकीत. पाण्याचा निचरा आणि पारख्याची नजर ह्या दोन गोष्टींवर सारे पीक अवलंबून असे.

हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात मात्र भांगेचे झाड आपोआप उगवते. तेथे ते कोणी लावीत नाही, कोणी पाणी घालीत नाही, आणि कोणी उपटून संपवूही शकत नाही. दख्खनच्या पठारावर गोष्ट उलटी आहे. येथे हे झाड वाढते ते कोणी लावले आणि जोपासले म्हणून. ह्या एका भेदावर पुढचा सारा कायदा उभा राहिला.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन ह्या मद्यपाननिषेधवादी सभासदाने बंगालमधील गांजासंबंधी प्रश्न विचारला. त्यावरून हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे मंडळ नेमले. त्यांत तीन सभासद हिंदी होते. मंडळाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली आपला अहवाल दिला. डॉक्टर, कलेक्टर, शेतकरी, व्यापारी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी अशा सर्वांना प्रश्न विचारले गेले. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असा निष्कर्ष निघाला. संपूर्ण बंदीची शिफारस मंडळाने केली नाही. गांजाची लागवड परवान्याखाली आणून थोड्या क्षेत्रात एकवटावी, माल वखारीत ठेवावा आणि त्यावर कर घ्यावा, असा त्याचा सल्ला होता. जेथे झाड रानात उगवते तेथे बंदी अमलात आणणे अशक्यप्राय, हेही मंडळाने ओळखले होते. जेथे पाणी घालावे लागते, तेथे मात्र प्रत्येक झाडामागे एक माणूस असतो, आणि त्या माणसाला परवाना मागता येतो. मुंबई इलाख्यात अहमदनगर व सातारा, आणि मध्यप्रांतात खांडवा, ही तेव्हा गांजाच्या लागवडीची ठिकाणे होती.

ह्या नकाशावर केदारखेडा ठेवून पाहिले, म्हणजे एक मौज दिसते. गाव निजामाच्या राज्यात. उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर ओलांडले, की मुंबई इलाख्यातील खानदेश. पूर्वेस बुलढाण्याकडे निघावे, तर १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. मुंबईत १८७८ चा अबकारी कायदा; निजामाच्या राज्यात पुढे १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा, स्वतंत्र अबकारी कायदा. दोनतीन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेत तीन कारभार लागत. झाड तेच, माती तीच काळी. पण त्याला पाणी घालणाऱ्याची कायद्यातील ओळख मात्र सरहद्दीगणिक बदले. १९४८ साली निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. कायद्याच्या सरहद्दीही हळूहळू पुसल्या गेल्या.

पण त्या पुसल्या जात असता कायदा अधिक कडक झाला. १९२५ सालच्या जिनिव्हा येथील करारात गांजाचा समावेश झाला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाचा अवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत थांबवावयाचा, अशी मुदत भारताने घेतली. त्याच करारात नुसत्या पानांना गांजाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. अखेर १९८५ साली अमली पदार्थांसंबंधीचा केंद्रीय कायदा आला. त्याप्रमाणे बोंडाशिवायची पाने व बिया म्हणजे गांजा नव्हे. भांगेचा प्रश्न राज्यांच्या नियमांवर राहिला, आणि महाराष्ट्रात तीही परवान्यावाचून मोकळी नाही. मात्र झाडाची लागवड सर्वत्र निषिद्ध ठरली. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. येथे तोच जुना भेद पुन्हा डोके वर काढतो. रानात आपोआप उगवणाऱ्या झाडाच्या पानाला कायद्याने वाट ठेवली. हाताने लावून पाणी घातलेल्या झाडाला ठेवली नाही. शेत असो वा खिडकीतली कुंडी, लागवड ती लागवडच.

जगात मात्र अलीकडे काही देशांनी हे रोप कुंडीत परत येऊ दिले आहे, तेही मोजून. उरुग्वेने २०१३ साली दर घरामागे सहा झाडांची मुभा दिली. कॅनडाने २०१८ साली दर घरामागे चार रोपे लावण्यास परवानगी दिली. क्वेबेक प्रांताने मात्र ती नाकारली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली प्रांताचा तो अधिकार मान्य केला. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून दर प्रौढ माणसास तीन झाडे लावता येतात. टोरांटो किंवा बर्लिन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या शेजारच्या गच्चीत टोमॅटोच्या रांगेत अशी कुंडी उघडपणे दिसू शकते. तीच कुंडी मुंबईच्या परिसरातील सदनिकेत सापडली, तर गुन्हा नोंदविला जातो आणि कुंडी पुराव्यादाखल जप्त होते. परदेशातील मुलाकडून कौतुकाने ऐकलेली गोष्ट येथे करून पाहू नये, हे घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांस स्पष्टपणे सांगावयास हवे.

प्रश्न केवळ हौशी तरुणांचा नाही. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की इतर कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, म्हणून आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मिळावी. पुष्कळांना त्या अर्जाचे हसू आले. पण त्या अर्जात नशेची हाव नव्हती, शेतीच्या तोट्याची तक्रार होती. कापूस आणि सोयाबीन ह्यांच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या भोकरदन तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्यास ती समजू शकेल. राज्यांना ह्या बाबतीत काहीच करता येत नाही, असेही नाही. उत्तराखंडाने २०१८ साली धाग्यासाठी व उद्योगासाठी, अत्यल्प मादकतेच्या जातींच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला.

१८९४ च्या मंडळाचा निष्कर्ष कोणी मान्य करो वा न करो, त्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. त्याने प्रथम ११९३ माणसांना विचारले आणि मग मत बनविले. मोहोळच्या त्या अर्जदाराला, गांजाच्या आहारी गेलेल्या मुलाच्या आईला, व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या डॉक्टराला आणि काळ्या जमिनीत घाम गाळणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला पुन्हा एकवार समोर बसवून विचारले गेले पाहिजे. ते होऊन कायदा बदलेपर्यंत आहे तोच कायदा पाळावयाचा. हौसच असेल, तर भाजक्या मातीची लहान कुंडी, तळाला भोक, भोकावर खापर, आणि माती सुकलेली पाहूनच पाणी, एवढे पथ्य तुळशीला पुरते आणि मिरचीलाही.