हंबरडा कोणाचा?

गाय हंबरते, बैल डुरकतो, म्हैस रेकते, शेळी बें बें करते, कोंबडा आरवतो. शाळेत आपण सर्वांनी हे पाठ केले आणि मार्क मिळाल्यावर सोडून दिले. पण हे शब्द घडवले कोणी? गोठ्यात, कुरणात, खळ्यावर ज्याचा कान जागा होता त्याने. तो कान गुराख्याचा, शेतमजुराचा, गावकुसाबाहेरच्या माणसाचा होता.

मोल्सवर्थने कँडी बंधूंसह १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ च्या आवृत्तीत तो पुष्कळ वाढला. मदतीला शास्त्रीपंडित होते. पुढे पुण्यात दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड सिद्ध केले. या कोशांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. आवाजावरून घडलेले कितीतरी शब्द त्यांनी टिकवले. मात्र शब्द आत गेला आणि तो बोलणारा बाहेरच राहिला. त्याच पुण्यात जोतीराव फुले लिहू लागले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या मराठीची टवाळी केली. रानातला शब्द चालतो. रानातल्या माणसांची बाजू घेऊन कोणी लिहिले की लगेच व्याकरण आठवते! फुले थांबले नाहीत. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

आता ‘हंबरडा’ घ्या. वासरू अंतरलेल्या गाईची ती हाक. तीच माणसाच्या आक्रोशाला लागली. वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. ती त्याला चाटे आणि पान्हा सोडी. ते कातडे सोलणारे हात आणि मेलेले ढोर ओढणारे खांदे कोणाचे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे बजावले, ते याच खांद्यांना.

शोकाला भाषेने गाईचा शब्द दिला. आपल्या हक्काच्या मागणीला काय दिले? भुंकणे, केकाटणे, कोल्हेकुई. यातला ‘केकाटणे’ नीट पाहावा. कुत्र्याला काठी बसली की ते केकाटते. म्हणजे मार या शब्दात आधीच धरलेला आहे. सभेत उठून बोलणाऱ्याला ‘केकाटू नकोस’ म्हणणारा, काठी कोणाच्या हातात आहे हे नकळत सांगून जातो.

माझ्या शाळेतल्या यादीत डुक्कर नव्हते. आमच्या वस्तीत ते रोज दाराशी घुरघुरत असे.