मॉडपासून स्वतंत्र खेळापर्यंत : ‘डे-झी’ची संस्करणे आणि इतिहासलेखनाचा प्रश्न

बीजसंज्ञा : मॉड, संस्करण, कर्तृत्व, संगणकीय खेळ, दस्तऐवज

प्रस्तावना

नाशिकशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. आज त्या चित्रपटाची म्हणून जी रिळे दाखविली जातात ती मूळ चित्रपटाची नसून फाळके यांनीच १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपण पाहतो ती कृती नेमकी कोणत्या वेळची, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासकाराला शंभर वर्षांनंतर पडला. संगणकीय खेळांच्या बाबतीत तोच प्रश्न अवघ्या दहा-पंधरा वर्षांत उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात ‘डे-झी’ या खेळाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु फाळक्यांच्या काळी चलच्चित्रांविषयीही सुशिक्षितांचे मत फारसे वेगळे नव्हते.

मूळ कृती आणि तिच्यावरील जोड

प्राग येथील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेने २००९ साली ‘आर्मा २’ हा युद्धाभ्यासाच्या धाटणीचा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील ‘चेर्नारस’ हा काल्पनिक प्रदेश सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा असून त्याची भूरचना उत्तर बोहेमियातील प्रत्यक्ष भूभागावरून घेतलेली आहे. खेळाडूंना स्वतःचे प्रसंग, शस्त्रे व नियम रचता यावेत, अशी मुभा या संस्थेने पूर्वीपासून ठेवली होती. मूळ खेळात अशा प्रकारे केलेल्या फेरबदलास ‘मॉड’ म्हणतात.

न्यूझीलंडच्या सैन्यात अधिकारी राहिलेले डीन हॉल यांनी एप्रिल २०१२ मध्ये ‘डे-झी’ हा मॉड खुला केला. ब्रुनेईच्या जंगलातील लष्करी प्रशिक्षणात त्यांनी स्वतः उपासमार अनुभवली होती, आणि या मॉडची कल्पना त्या अनुभवातून आल्याचे ते सांगतात. जवळपास रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर उतरलेला खेळाडू अन्न, पाणी व औषध शोधत फिरतो. गावोगाव झोंबी आहेत. आणि एकदा मृत्यू आला की जमविलेले सर्व जाते. (मराठीत ‘झोंबी’ या शब्दाचा अर्थ मुळात कुस्ती, झटापट असा. आनंद यादव यांच्या १९८७ सालच्या ‘झोंबी’चे वाचक हा शब्द ‘झोंबिवली’ या २०२२ सालच्या चित्रपटापर्यंत कोठून कोठे आला हे पाहून चकित होतील.) वस्तुतः या खेळातील खरे भय झोंबींचे नव्हतेच. समोरून येणारा दुसरा माणूस मदत करील की गोळी घालील, हे कळत नसे. खेळाने त्याविषयी कोणताही नियम घातला नव्हता. ऑगस्ट २०१२ पर्यंत खेळाडूंची संख्या १० लाखांवर गेली आणि तीन वर्षांपूर्वीचा ‘आर्मा २’ पुन्हा विक्रीच्या अग्रस्थानी आला. कारण मॉड विनामूल्य असला तरी मूळ खेळ विकत घेणे भाग होते.

मराठी ग्रंथपरंपरेच्या अभ्यासकास येथे क्षेपकाची आठवण होईल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती अशाच शिरलेल्या पाठांमुळे. परंतु मॉड हा क्षेपक नव्हे. क्षेपक मूळ पाठात लपतो. मॉड उघडपणे शेजारी उभा राहतो. म्हणून टीकेशी त्याचे साम्य अधिक आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका असूनही स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचली जाते. ‘डे-झी’लाही तेच साधावयाचे होते. भेद इतकाच की गीतेस कोणी मालक नव्हता, ‘आर्मा २’ला होता.

स्वतंत्र होणे म्हणजे काय

मॉड निघाला त्या वेळी हॉल बोहेमियाच्याच सेवेत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये स्वतंत्र खेळाची घोषणा झाली आणि त्याच वर्षअखेर तो येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १६ डिसेंबर २०१३ उजाडला. या विलंबाचे कारण तांत्रिक असले तरी इतिहासाच्या दृष्टीने बोलके आहे. मूळ खेळ ओळखीच्या मंडळींनी एकत्र खेळावा अशा बेताने रचलेला होता. त्यामुळे काय घडले याविषयी खेळाडूच्या यंत्राने पाठविलेल्या माहितीवर त्यात बराच विश्वास ठेवला जाई. अनोळखी लाखो लोक आल्यावर हा विश्वास फसवणुकीस वाट ठरला. म्हणून सर्व निर्णय मध्यवर्ती यंत्रणेकडे सोपविण्याची नवी रचना करावी लागली.

अपुऱ्या अवस्थेतील हा खेळ पहिल्या महिन्याभरातच १० लाखांहून अधिक ग्राहकांनी विकत घेतला. हॉल २०१४ च्या डिसेंबरमध्ये संस्थेतून बाहेर पडले. पूर्ण झालेली पहिली आवृत्ती १३ डिसेंबर २०१८ रोजी आली, तेव्हा खेळाचे अंतर्गत यंत्रही बरेचसे बदललेले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या घटनाक्रमाचे सार एवढेच की स्वतंत्र झाला तो खेळ, कर्ता नव्हे. हक्क संस्थेकडे राहिले. आणि ज्या शेकडो हौशी खेळाडूंनी मॉडचे सर्व्हर चालविले, दोष कळविले, नकाशे काढले, त्यांची नावे विक्रीच्या वेष्टनावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

याच मॉडवर आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी २०१३ मध्ये आणखी एक मॉड रचला. अखेरचा जिवंत खेळाडू विजयी, हा त्याचा नियम. त्यातून दक्षिण कोरियात मार्च २०१७ मध्ये ‘पबजी’ निघाला. त्याची मोबाइल आवृत्ती आपल्या वर्गांच्या शेवटच्या बाकांपर्यंत पोहोचली, सप्टेंबर २०२० मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली, आणि जुलै २०२१ मध्ये ती भारतासाठीच्या वेगळ्या नावाने परतली. पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इंडस’ हा याच प्रकारातील खेळ. पुण्यातील खेळापासून प्रागपर्यंतची ही वंशावळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यास क्वचितच ठाऊक असते.

दस्तऐवजाचा प्रश्न

ही वंशावळ आज सांगता येते ती मुलाखती व वृत्तांत यांच्या आधारे. प्रत्यक्ष कृतींकडे वळल्यास अडचण सुरू होते. छापील ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिली कपाटातून नाहीशी होत नाही. येथे खेळ अद्ययावत होताच जुने रूप ग्राहकाच्या यंत्रावरून पुसले जाते. २०१३ मध्ये ज्याने ‘डे-झी’ विकत घेतला, त्याच्याकडे आज त्याच नावाचा दुसराच खेळ आहे. मॉडची स्थितीही नाजूक होती. ‘आर्मा २’मधील खेळाडूंना एकमेकांशी जोडणारी गेमस्पाय ही त्रयस्थ सेवा २०१४ मध्ये बंद झाली, मूळ खेळाला वेळीच दुसरी सोय करून दिली नसती तर त्यावर उभा असलेला मॉडही संपला असता.

शिवाय मॉडच्या फायली जतन केल्या तरी पुरेसे नाही. निर्मनुष्य चेर्नारसमध्ये एकटाच फिरणारा अभ्यासक त्या भयाविषयी काहीच लिहू शकणार नाही, कारण ते दुसऱ्या माणसांमुळे होते. त्यासाठी त्या वेळच्या खेळाडूंच्या साक्षीच घ्याव्या लागतील. ते आज तिशी-चाळिशीत आहेत. मौखिक इतिहासाचे प्रकल्प आपले विद्यार्थी करतातच. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखतींना आपण उशिरा सुरुवात केली, आणि फाळक्यांच्या नाशिक येथील कंपनीत काम केलेल्या कामगारांकडे तर विचारावयास फारसे कोणी गेलेच नाही.