हुमन प्रकल्प : पाणी, वाघाची वाट आणि शिकार

जिवतीच्या पहाडावर उन्हाळ्यात पाण्यासाठी किती पायपीट होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून धरणाचं नाव निघालं की आपण आधी पाण्याचाच विचार करतो. पण जंगलातल्या धरणाचा परिणाम जनावरांवर आणि जंगलालगतच्या गावांवरही होतो. आपल्याच जिल्ह्यातला हुमन प्रकल्प त्याचं उदाहरण आहे.

प्रकल्प काय आहे?
सिंदेवाही तालुक्यातल्या हुमन नदीवरचा हा सिंचन प्रकल्प कित्येक वर्षांपासून रखडला आहे. त्यात वनजमीन बुडते, आणि 1980 च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे अशा जमिनीसाठी केंद्राची परवानगी लागते. धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची पाण्याची गरज मात्र खरी आहे.

वन्यजीवांवर परिणाम
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं मूळ क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर. वयात आलेला वाघ तिथून नवी जागा शोधत बाहेर पडतो. एक वाट ब्रह्मपुरीच्या जंगलाकडे जाते. दुसरी राजुरा आणि आपल्या पहाडी भागाकडून तेलंगणातल्या कवाल अभयारण्याकडे. हुमनचा जलाशय पहिल्या वाटेवर येतो. वाघ पोहतो हे खरं, पण नदीकाठची सपाट जागा बुडाली की चितळ-सांबराचं चरणं जातं. सिमेंटच्या कालव्यात पडलेलं जनावर वर चढू शकत नाही. वाट बंद झाली की वाघ शेताकडे वळतो, आणि मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

शिकारीचा प्रश्न
उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर कोवळं गवत उगवतं. जनावरं एकाच जागी जमतात आणि शिकाऱ्याचं काम सोपं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे फास लावणं, वीजतारा सोडणं, विष टाकणं हीसुद्धा शिकारच. वाघासारख्या प्राण्यासाठी किमान 3 ते कमाल 7 वर्षे कैद आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला, पण शिकारीचा दिलेला नाही. ससा असो की हरिण, हलाल पद्धतीने जिबह केलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. घरातल्या तरुण पोरांना हे स्पष्ट सांगायला हवं.

आपण काय विचारावं?
धरण हवं की नको, एवढाच सवाल नाही. जनावरांची वाट मोकळी राहील का? कालव्यांवर पूल होतील का? ग्रामसभेची संमती घेतली का? आणि ज्यांची शेती-घरं जातील, त्यांना आधी जागा मिळेल का? परवानगी देण्याआधी ही उत्तरं लेखी मिळायला हवीत. जंगलात फास किंवा तारा दिसल्या तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.