ज्वर उतरल्यानंतर

साथीचा इतिहास बहुधा मृतांच्या आंकड्यांनीं लिहिला जातो. जे वांचले त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मागें पडतो. १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्ल्युएंझा मुंबई बंदरांत उतरला, आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें त्यानें नेलीं. त्याच सुमारास युरोपांत आणखी एक विकार पसरत होता.

व्हिएन्ना येथील डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांनीं १९१७ च्या एप्रिलांत त्याचें वर्णन विद्वानांपुढें ठेविलें. रुग्णास ज्वर येई, डोकें दुखे, एका वस्तूच्या दोन दिसत, आणि जेवतां जेवतां तो झोपीं जाई. कांहींना उलट डोळ्याला डोळा लागेना. पुष्कळ दगावले. या विकारास ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’, म्हणजे ग्लानि आणणारा मस्तिष्कदाह, असें नांव मिळालें.

फॉन इकॉनोमो यांनीं मृतांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. दाह त्याच्या मागील बाजूस असला तर झोप आवरत नसे. पुढील बाजूस असला तर ती येत नसे. निद्रेचें नियमन करणारें स्थान मेंदूंतच आहे, हा विचार येथून दृढ झाला.

याच भागाखालीं नाजुक देठावर वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि लोंबते. शरीराची वाढ, यौवनाचें आगमन व पाण्याचा समतोल यांचीं सूत्रें या जोडीकडे असतात. म्हणून वांचलेल्यांपैकीं कोणी अकारण स्थूल झाले, कोणाची तहान भागेना, तर कांहीं मुलें अकालीं वयांत आलीं. अनेकांचें शरीर पुढें कंपवाताप्रमाणें ताठरलें. घरच्यांच्या डोळ्यांदेखत तीं माणसें पुतळ्यासारखीं बसून राहिलीं. १९२७ च्या सुमारास साथ ओसरली, रुग्ण मात्र तसेच राहिले. १९६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनीं लेव्होडोपा हें औषध दिलें, तेव्हां दशकांनुदशकें निश्चल असलेले कित्येक चालूं-बोलूं लागले. दुर्दैवानें बहुतेकांचा तो लाभ टिकला नाहीं.

दोन्ही साथी एका काळांतल्या, म्हणून इन्फ्ल्युएंझाच याचें मूळ, असें पुष्कळांनीं मानिलें. इन्फ्ल्युएंझा मेंदूला अपाय करूं शकतो, हें खरेंच आहे. परंतु फॉन इकॉनोमो यांचे पहिले रुग्ण १९१६-१७ च्या हिंवाळ्यांतले, म्हणजे महासाथीच्या आधींचे होते. आणि जतन केलेल्या मेंदूंच्या पुढील तपासणींत त्या ज्वराचा विषाणु आढळला नाहीं. काळाचें साहचर्य म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे, ही शिकवण येथें मिळते.

२०२० च्या कोविडनंतर गंध हरपणें, स्मृति मंदावणें, थकवा न जाणें, अशा तक्रारी जगभर ऐकूं आल्या, तेव्हां हा इतिहास पुन्हा वाचला गेला. रोग्याचा ज्वर उतरला कीं वैद्याचें काम संपत नाहीं, आणि घरच्यांचेंही नाहीं. वांचलेल्याची विचारपूस पुढें वर्षानुवर्षें व्हावयास हवी.