शिवनेरीची माकुडी आणि कडप्प्याचा धाविक

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील झाडापाखरांस साहेबांची नावे देण्याचा सपाटाच चालला होता. त्यांतील दोन आम्ही येथे शेजारी मांडीत आहो: एक मांसल खोडाची वनस्पती, दुसरा रात्री हिंडणारा पक्षी.

वनस्पती आपल्या सह्याद्रीची. शिवनेरी, सज्जनगड अशा ठिकाणी कड्यांच्या भेगांतून ती लोंबत असते. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात, तिची खोडे खातातही. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डाल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले व गव्हर्नर बार्टल फ्रिअर (१८६२-६७) यांचे नाव तिला दिले. तिच्या माकडशिंगादी भावंडांना पाने नसल्यातच जमा. हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने येतात, गर्द तांबडी चांदणीसारखी फुले येतात, आणि उन्हाळ्यात उरते नुसते रसाळ खोड.

पक्ष्याची कथा तेलुगू मुलखातील आहे. जर्डन हे मद्रासकडील शल्यवैद्य. त्यांच्या नावाचा हा धाविक १८४८ साली ब्लाइथ यांनी शास्त्रास परिचित करून दिला. छातीवर दोन पट्टे. दिवसा काटेरी झुडपांत दडणारा. १९०० नंतर तो कोणा अभ्यासकास दिसेना, तेव्हा ग्रंथकारांनी त्यास नामशेष ठरविले. कडप्प्याचे खेडूत त्यास ‘कलिवि कोडी’ म्हणून ओळखत होते, पण त्यांस विचारतो कोण? अखेर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांनी विचारले, आणि जानेवारी १९८६ मध्ये तेथील एका पारध्याने रात्री बत्तीच्या उजेडात पक्षी धरून आणला. दुर्दैवाने तो जगला नाही.

दोघांसही दुर्मिळ म्हणतात, परंतु ही दुर्मिळता एकजातीची नव्हे. माकुडीची फांदी खोचली की कुंडीतही रुजते. परदेशच्या बागांतूनही ती पोहोचली आहे. तेवढ्याने ती वाचली असे आम्ही म्हणणार नाही, कारण एका फांदीपासून केलेली शंभर रोपे म्हणजे तेच एक झाड शंभर ठिकाणी. तरीही बीज राखण्याची ती एक सोय खरीच. धाविकास तीही नाही. त्यास फार दाट नको, फार विरळ नको, असे झुडपी रान लागते. आणि सरकारी नकाशावर असले रान बहुधा पडीक म्हणून दाखविलेले असते. १९८८ साली श्रीलंकमल्लेश्वर अभयारण्य झाले, तरी तेलुगू गंगेचा कालवा याच रानातून खणावयास घेतला होता. पुढे या पक्ष्याकरिता त्याची आखणी बदलावी लागली.